जायबंदी जवानांची शाळा उभारणाऱ्या लेडी विलिंग्डन

पहिल्या महायुद्धाच्या काळात नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मोठी लष्करी रुग्णालये होती. मेसोपोटेमियातून, म्हणजेच आजच्या इराकमधून, जखमींना घेऊन येणाऱ्या रुग्णनौका मुंबई बंदराला लागत. मुंबईतील वस्तुसंग्रहालयाच्या नव्या इमारतीतही तेव्हा लष्करी रुग्णालय थाटण्यात आले होते. जखम भरली की रुग्णालयाचे काम संपे. परंतु हात किंवा पाय गमावलेल्या शिपायाने गावी परतून पोट कसे भरायचे, हा प्रश्न उरत असे. शेतकरी घरातून आलेल्या तरुणाला नांगर धरता येत नसेल, तर निवृत्तिवेतनाचा आधार तोकडाच पडणार होता. या प्रश्नाला १९१७ मध्ये संस्थेच्या रूपाने उत्तर देणाऱ्या स्त्रीचे नाव लेडी विलिंग्डन.

मेरी ॲडलेड ब्रॅसी यांचा जन्म १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. आजोबा रेल्वे उभारणीतील विख्यात कंत्राटदार, तर आई ॲना या प्रवासवर्णनांमुळे घराघरांत पोहोचलेल्या लेखिका. मेरी बारा वर्षांच्या असताना, १८८७ च्या सप्टेंबरात, ॲना यांचे सागरप्रवासातच निधन झाले आणि समुद्रातच त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. १८९२ मध्ये मेरी यांचा विवाह फ्रीमन थॉमस यांच्याशी झाला. तेच पुढे लॉर्ड विलिंग्डन म्हणून ओळखले गेले आणि १९१३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले.

दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. सप्टेंबर १९१४ मध्ये त्यांचा थोरला मुलगा जेरार्ड फ्रान्सच्या रणांगणावर कामी आला. मुलाचे अंत्यदर्शन मेरी यांच्या नशिबी नव्हते. मुंबईतील युद्धकार्यात मात्र त्या मागे राहिल्या नाहीत.

मे १९१७ मध्ये त्यांनी मुंबईत जायबंदी भारतीय सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू केले. उरलेल्या अवयवांच्या बळावर करता येईल असा व्यवसाय शिकवून जवानाला स्वतःच्या कमाईवर उभे करायचे, हा तिचा हेतू होता. जखमेवरचा उपचार आणि माणसाचे पुनर्वसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव त्यामागे होती.

विलिंग्डन दांपत्याविषयी भारतीयांच्या मनात मात्र कटुताही होती. डिसेंबर १९१८ मध्ये गव्हर्नरांच्या निरोपानिमित्त त्यांचे स्मारक उभारण्यासाठी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये सभा झाली, तेव्हा बॅरिस्टर जीना यांच्या नेतृत्वाखाली नागरिकांनी ती उधळून लावली. पुढे मद्रास आणि कॅनडा अशी पदे भूषवून लॉर्ड विलिंग्डन १९३१ मध्ये व्हाइसरॉय म्हणून परतले. १९३२ मध्ये गांधीजींना अटक करून त्यांनी सविनय कायदेभंगाची चळवळ कठोरपणे दडपली. लेडी विलिंग्डन यांचा राजेशाही थाटही टीकेचा विषय ठरला. १९४१ मध्ये पतीचे, तर १९६० मध्ये त्यांचे स्वतःचे निधन झाले.

त्यांची शाळा मुंबईतून पुण्याजवळ खडकीला हलली आणि स्वातंत्र्यानंतरही जायबंदी जवानांना प्रशिक्षण देत राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले आणि उपचाराची साखळी अधिक भक्कम झाली. कृत्रिम पाय नीट बसावा यासाठी शल्यचिकित्सकाला उरलेल्या अवयवाला योग्य आकार द्यावा लागतो. कारागीर त्याचे माप घेऊन साचा घडवतो. तोल सांभाळत पाऊल टाकायला भौतिकोपचारतज्ज्ञ शिकवतो, तर मनाची उभारी टिकवण्यासाठी समुपदेशक लागतो. यातील एकजण जरी कमी पडला, तरी उत्तम बनावटीचा पायही घराच्या कोपऱ्यात पडून राहतो.

या साखळीतील शेवटची कडी म्हणजे रोजगार. उपचारांनंतर सर्वांत आधी विसरली जाणारी कडीही तीच. लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये नेमकी तीच हाती घेतली होती. त्या काळच्या मुंबईकरांनी गव्हर्नरांचे स्मारक होऊ दिले नाही. त्यांच्या पत्नीने जायबंदी शिपायांसाठी उघडलेली शाळा मात्र टिकून राहिली.