लक्ष्मणराव किर्लोस्कर : लोखंडी नांगरापासून इंजिनापर्यंत, आणि इंजिनाची ताकद कमी झाल्यास काय तपासावे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हरभरा, करडई निघाली की नांगरटीची कामे सुरू होतात. पुढे मे अखेरीस मोगडणी, रोटाव्हेटर आणि पेरणीपूर्व मशागतीची एकच घाई होते. नेमके याच वेळी ट्रॅक्टर ओढत नाही, चढाला दम सोडतो, काळा धूर टाकतो अशा तक्रारी वाढतात. घाईत इंजिन खोलले जाते, मोठा खर्च होतो, आणि पुष्कळदा दोष भलतीकडेच असतो. कधी फाळ झिजलेला, कधी क्लच सरकणारा, कधी एअर फिल्टर मातीने भरलेला असतो.

यंत्र शेतात का अडते हे शोधून त्यावर उपाय करण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव महाराष्ट्रात पहिले घ्यावे लागेल. त्यांच्या कारखान्यात यंत्रे ज्या क्रमाने तयार झाली, त्याच क्रमाने दोष शोधला तर बहुतेक वेळा इंजिन खोलण्याची वेळ येत नाही. म्हणून त्यांचे चरित्र आणि तपासणीची पद्धत येथे एकत्र दिली आहे.

जन्म आणि शिक्षण

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घरात वातावरण विद्याभ्यासाचे होते, पण लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत फारसे रमले नाही. त्यांना चित्रकलेची आणि यंत्रांची ओढ होती. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले. रंगांची चित्रकला सोडावी लागली, पण यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचा अभ्यास त्यांनी पूर्ण केला.

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते रेखाचित्राचे शिक्षक झाले. शिकवण्याचे काम संपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात. यंत्र खोलणे, जोडणे, सुटा भाग घडवणे हे सारे ते हाताने शिकले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तेथे दोघा भावांनी सायकलींचे दुकान चालवले. त्यातून हळूहळू शेती अवजारांचा छोटा कारखाना उभा राहिला. सुरुवातीच्या मालात कडबा कापण्याचे यंत्र होते. त्यानंतर लोखंडी नांगर आला.

लोखंडी नांगर आणि शेतकऱ्यांची शंका

१९०३ च्या सुमारास तयार झालेले हे नांगर सहजासहजी विकले गेले नाहीत. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक येत नाही, असा समज त्या काळी होता. नांगर तयार होऊन पडून राहिले. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नव्हता. नांगर शेतात चालवून दाखवणे आणि तो टिकतो हे सिद्ध करणे एवढाच मार्ग होता. लाकडी नांगर माती फक्त फाडतो. लोखंडी नांगर तासाची माती उलटी करतो, त्यामुळे हरळी, कुंदा यांच्या मुळ्या उघड्या पडून उन्हाने वाळतात. हा फरक डोळ्यांनी दिसल्यावर मागणी वाढू लागली.

आपल्या भारी काळ्या जमिनीत नांगराला लागणारी ओढ जास्त असते. बैल होते तेव्हा जोड्या वाढवाव्या लागत, आता ट्रॅक्टरच्या इंजिनावर तो भार येतो. म्हणून तपासणीची सुरुवात इंजिनापासून न करता मागच्या अवजारापासून करावी.

* फाळाचे टोक बोथट किंवा गोल झाले असेल तर नांगर जमिनीत नीट शिरत नाही आणि ओढ वाढते. फाळ बदलून किंवा धार लावून पाहावे.
* नांगराची खोली गरजेपेक्षा जास्त ठेवू नये. गेल्या वर्षीच्या खोलीपेक्षा एकदम खोल गेल्यास तोच ट्रॅक्टर कमी ताकदीचा वाटतो.
* हरभरा काढणीनंतर जमिनीत थोडी ओल असताना नांगरट केल्यास ढेकळे कमी निघतात आणि डिझेलही वाचते.
* चाक जागेवर फिरत असेल तर ताकद वाया जाते. मागच्या टायरवर खडूने खूण करावी. अवजार उचलून चाकाच्या १० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे, मग नांगर लावून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले अंतर ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर आले तर घसर १५ टक्के झाली. यापेक्षा जास्त घसर असल्यास टायरची हवा, टायरची झीज आणि चाकावरील वजन पाहावे.

किर्लोस्करवाडीची उभारणी

धंद्याला बस्तान येते न येते तोच बेळगावच्या ठळकवाडीतील कारखान्याची जागा शहराच्या विस्तारासाठी सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान दिले. निवडुंगाने भरलेली, सापविंचवांची, पाण्याची टंचाई असलेली ती जमीन होती. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानला जातो. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

सोबत आलेल्या कामगारांसह लक्ष्मणरावांनी माळ साफ केला, राहण्याची सोय केली आणि भट्टी पेटवली. नव्या वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. गावाने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनाही येथे काम मिळाले आणि त्यांच्यावर राखणीची जबाबदारी सोपवली गेली.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. कारखाना बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगरांचे भाग ओतले गेले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

चरक, पंप आणि पट्टा

नांगरानंतर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र आणि पाण्याचे पंप किर्लोस्करवाडीत तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. त्याच सुमारास सेंट्रिफ्युगल पंपांचे काम सुरू झाले. बैलाच्या मोटेची जागा पंप घेणार हे त्यातून स्पष्ट झाले.

पंप किंवा चरक आला की ताकद पोहोचवणारा पट्टाही आला. इंजिन चांगले असूनही काम होत नसेल तर दुसरी तपासणी येथे करावी.

* इंजिनाचा आवाज वाढतो पण ट्रॅक्टरचा वेग वाढत नाही, सोबत जळका वास येतो, अशा वेळी क्लच सरकत असण्याची शक्यता जास्त असते. पेडलची मोकळी चाल माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावी. चालवताना पाय पेडलवर ठेवू नये.
* पट्टा चकाकत असेल, गरम होत असेल तर तो घसरतो आहे. ताण आणि पुलीची रेषा तपासावी.
* पंपाचे पाणी कमी झाल्यास फूटव्हॉल्व्ह, सक्शन पाइपमधील हवा आणि आतील पंख्याची झीज आधी पाहावी.
* पुली बदलून पंपाचा वेग वाढवू नये. वेग १० टक्के वाढला तर लागणारी ताकद सुमारे ३३ टक्के वाढते. इंजिन काळा धूर टाकू लागते आणि दोष इंजिनावर जातो.

इंजिनाचा काळ

१९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे लेथचा कारखाना उभा राहिला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीवर पोहोचण्याचा मार्ग त्यातून मोकळा झाला. नांगराने सुरू झालेले काम अशा रीतीने पुढच्या पिढीने इंजिनापर्यंत नेले.

भार आणि ताकद पोहोचवणारे भाग ठीक असतील तरच इंजिनाकडे वळावे. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पुरेशी स्वच्छ हवा, वेळेवर पुरेसे डिझेल आणि चांगला दाब. तपासणी याच क्रमाने करावी, कारण हवेची तपासणी जवळजवळ फुकट असते आणि दाबाची दुरुस्ती सर्वांत महाग असते.

*हवा.* काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. सोयाबीन मळणीत आणि कोरड्या मशागतीत एअर क्लीनर रोज पाहावा. ऑइल बाथ प्रकारात तेलात गाळ साचला असेल तर तेल बदलावे. कोरड्या फिल्टरला आतून बाहेर कमी दाबाने हवा मारावी, तो फाटला असल्यास बदलावा. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकून इंजिन तापले तरी ताकद कमी होते.

*डिझेल.* धूर फारसा नाही, पण भार येताच इंजिन बसते, अशा वेळी डिझेल कमी पोहोचत असते. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, डिझेल फिल्टर आणि साचलेले पाणी पाहावे. नळीत हवा पकडली असेल तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड पंप मारावा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळावा. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात मेकॅनिक एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून पाहतो. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो कमजोर असतो. कॉमन रेल इंजिनात असे कधीही करू नये. नोझलमधून येणारी धार हातावर घेऊ नये, ती कातडीच्या आत शिरते.

*दाब.* सकाळी चालू व्हायला त्रास होतो, निळा धूर येतो, ऑइल लवकर कमी होते, ब्रीदरमधून वाफेसारखा जोर येतो, ही पिस्टन रिंग आणि लाइनर झिजल्याची लक्षणे आहेत. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट तपासावे. पांढरा धूर डिझेल नीट न जळल्याने, टायमिंग चुकल्याने किंवा पाणी सिलिंडरमध्ये शिरल्याने येतो. इंजिन खोलण्याआधी व्हॉल्व्हचे अंतर आणि दाब मोजून घ्यावा.

पेट्रोलवर चालणारा पॉवर वीडर किंवा गवत कापणी यंत्र असेल तर क्रम तोच राहतो. आधी पात्यात अडकलेले गवत काढावे, मग पट्टा, एअर फिल्टरचा स्पंज, टाकीत राहिलेले जुने पेट्रोल, कार्ब्युरेटर आणि शेवटी प्लग पाहावा. पात्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढावी.

अखेरची वर्षे

फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर त्यांनी निवडुंग काढून भट्टी पेटवली होती, तेथे पुन्हा उभारणी करावी लागली, आणि ती झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पुढच्या काळात विहिरींवर मोट मागे पडून इंजिने आली, बैलनांगराच्या जागी ट्रॅक्टर आला. यंत्र बदलले तरी दोष शोधण्याची रीत तीच राहिली आहे.

थोडक्यात, तपासणीचा क्रम

१. अवजार : फाळ, खोली, चाकाची घसर.
२. ताकद पोहोचवणारे भाग : क्लच, पट्टा, पुली.
३. हवा : एअर क्लीनर, रेडिएटरची जाळी.
४. डिझेल : झाकणाचे छिद्र, फिल्टर, नळीतील हवा, नोझल.
५. दाब : व्हॉल्व्हचे अंतर, गॅस्केट, रिंग, लाइनर.

पहिल्या तीन बाबी शेतकरी स्वतः तासाभरात पाहू शकतो. चौथीतील फिल्टर आणि हवा काढण्याचे कामही शिकून घेता येते. पाचव्या बाबीसाठी जाणकार मेकॅनिककडे जावे आणि धुराचा रंग, दोष कधी सुरू झाला, त्याआधी काय बदलले होते हे त्याला सांगावे. कृषी सहायकांनी गावातील बैठकीत हा क्रम एका चालू ट्रॅक्टरवर दाखवावा. तो मृगापूर्वी दाखवला तर ऐन पेरणीत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये अडकून पडणार नाही.