वक्ररेषेचे आचार्य : जगदीशचंद्र बोस

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही मुलाला इंग्रजी शाळेत न घालता त्यांनी मातृभाषेच्या पाठशाळेत पाठविले. तेथे एका बाजूस वडिलांच्या शिपायाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूस कोळ्याचा. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टींनीच या बालकाचे निसर्गाविषयीचे कुतूहल जागे झाले.

केंब्रिजचे शिक्षण आटोपून १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. केवळ भारतीय म्हणून वेतन कमी ठरले, तेव्हा त्यांनी तीन वर्षे ते स्वीकारलेच नाही. अध्यापन मात्र चालू ठेवले. अखेर सरकारला मागील बाकीसह पूर्ण वेतन द्यावे लागले. धड प्रयोगशाळाही नव्हती. पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणे घडविली आणि अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्‌लहरी निर्माण केल्या.

त्या लहरी टिपण्याच्या खटाटोपातच मोठी गोष्ट हाती आली. ओहमच्या नियमानुसार विद्युत्‌दाब दुप्पट केला की प्रवाहही दुप्पट व्हावा, आलेख सरळ रेषेत यावा. गॅलिना या शिशाच्या खनिजावर धातूचे टोक टेकविले असता तसे होईना. रेषा वाकत होती. दुसऱ्या कोणी हा उपकरणाचा दोष मानला असता. बोस यांनी ती वक्ररेषा मोजून काढली आणि त्या वाकण्यातच लहर ओळखण्याची शक्ती आहे, हे जाणले.

पेटंट घेणे त्यांच्या वृत्तीत नव्हते. सारा बुल आदी स्नेह्यांच्या आग्रहाखातर १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज गेला, १९०४ मध्ये पेटंट मिळाले. त्याचा आर्थिक लाभ त्यांनी घेतला नाही. हा निरिच्छपणा थोर खराच, पण व्यापारी जगाला त्यांचे नाव विसरणे त्यामुळे सोपे गेले. पुढे ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले, १९१७ मध्ये कलकत्त्यात त्यांनी स्वतःची संशोधनसंस्था स्थापन केली, आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

दहा वर्षांनी अमेरिकेत ट्रान्झिस्टर जन्मास आला. त्याचाही आलेख वाकडाच : साधारण तापमानाला दाब सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढला की प्रवाह दसपट होतो. म्हणूनच ध्वनिवर्धकात बारीक संकेत शुद्ध उमटतो, मोठा झाला की आवाज फाटतो; आणि अभियंत्याला ती वक्ररेषा आधी गणितात बसवावी लागते. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी वॉल्टर ब्रॅटन यांनी १९५५ मध्ये अर्धवाहकांचा इतिहास लिहिताना, स्फटिकाने रेडिओलहरी टिपण्याचे श्रेय बोस यांना दिले.