सहावं वर्ष आपलं नाही!

हॉस्टेलची खोली सोडा म्हटलं तरी आपण चार दिवस काढतोच ना? मग मधु लिमयेंची गोष्ट ऐकाच.

१९२२ साली पुण्यात जन्मलेला हा समाजवादी नेता बिहारमधून चार वेळा लोकसभेवर गेला. त्याआधी गोवामुक्तीसाठी पोर्तुगीजांचा बेदम मार आणि तुरुंगही भोगून झाला होता.

१९७६. आणीबाणी. लिमये पुन्हा तुरुंगात. लोकसभेची पाच वर्षं संपली, तर सरकारनं मुदतच वर्षभर वाढवली! म्हणजे निवडणूक न लढता आणखी वर्षभर पगार, भत्ते, दिल्लीत घर. लिमयेंचा हिशेब सरळ होता. लोकांनी पाच वर्षांसाठी पाठवलंय, सहावं वर्ष आपलं नाही. त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा धाडला आणि पत्नी चंपाताईंना कळवलं, सरकारी घर लगेच रिकामं कर. नवरा आत, सामान हलवायचं एकटीनं. त्यांचं नाव मात्र कुणी फारसं घेत नाही.

त्याच वर्षी माजी खासदारांना पेन्शन सुरू झाली. लिमयेंनी ती कधीच घेतली नाही. स्वातंत्र्यसैनिकाचीही नाही, आणि ती तर हक्काची होती! राजकारण सोडल्यावर १९९५ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, घर चाललं ते लेखांच्या मानधनावर.