एकलव्य : एकांतातील अभ्यास

गुरूवाचून विद्या नाही, असे आपली परंपरा सांगते. परंतु ज्याला गुरूनेच दारातून परत पाठविले, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर महाभारतातील एका निषादपुत्राने आपल्या आयुष्याने देऊन ठेवले आहे. एकलव्याची कथा घरोघरी सांगितली जाते; मात्र ती बहुधा अंगठ्यापाशी येऊन थांबते. वस्तुतः त्याचे चरित्र आदिपर्वापासून आश्वमेधिक पर्वापर्यंत विखुरलेले आहे, आणि ते सलग वाचल्यावाचून त्याच्या अभ्यासाचे मोल ध्यानात येत नाही.

हस्तिनापुरात द्रोणाचार्य कुरुकुमारांना धनुर्वेद शिकवीत होते. एके रात्री अर्जुन भोजनास बसला असता वाऱ्याने दिवा विझला. तरीही सवयीने हात नेमका मुखाकडे जात राहिला. एवढ्यावरून अर्जुनाला उमगले की, अभ्यास दृढ झाला म्हणजे डोळ्यांचे साहाय्य लागत नाही. तेव्हापासून तो रात्री अंधारात एकटाच बाण सोडू लागला. प्रत्यंचेचा तो ध्वनी ऐकून आचार्य उठून आले, त्यांनी शिष्याला आलिंगन दिले आणि जगात त्याच्या तोडीचा धनुर्धर होऊ न देण्याचे वचन दिले. पुढील अनर्थाचे बीज या वचनात आहे. आणि ते वचनही एकट्याने केलेल्या अभ्यासाचेच फळ होते, हे विसरता कामा नये.

आचार्यांची कीर्ती ऐकून ठिकठिकाणचे राजपुत्र हस्तिनापुरास येऊ लागले. त्यांतच निषादराज हिरण्यधनूचा पुत्र एकलव्य आला. तो निषाद आहे हे जाणून आणि इतर शिष्यांचा विचार करून द्रोणाचार्यांनी त्याचा स्वीकार केला नाही. एकलव्याने वाद घातला नाही. त्याने आचार्यांच्या चरणी मस्तक ठेवले व तो वनात निघून गेला.

तेथे त्याने द्रोणाचार्यांची मातीची मूर्ती घडविली, तिच्या ठायी आचार्यभाव ठेवला आणि नियमपूर्वक अभ्यास आरंभिला. बाण हाती घेणे, तो धनुष्यास जोडणे आणि सोडणे, या तीन क्रियांत त्याने विलक्षण लाघव मिळविले. ज्याने शस्त्र हाती धरले आहे तो जाणतो की, एकट्याने शिकण्यात दोन संकटे असतात. चूक दाखविणारा कोणी नसतो, म्हणून चूकच अंगवळणी पडते. आणि विचारणारा कोणी नसतो, म्हणून आळसाला मोकळीक मिळते. मातीची मूर्ती बोटांची ठेवण दुरुस्त करीत नाही. ते काम एकलव्याला लक्ष्यावरील प्रत्येक बाणाकडून शिकावे लागले असेल. परंतु मूर्तीपुढे उभा असलेला साधक स्वतःस फसवू शकत नाही. त्याच्या श्रद्धेचा उपयोग हाच होता. तिने श्रम वाचविले नाहीत, श्रमांना शिस्त लावली.

पुढे कुरुकुमार मृगयेसाठी त्या वनात आले. त्यांच्या बरोबरचे कुत्रे भटकत एकलव्यापाशी गेले आणि मळलेल्या अंगाच्या, मृगाजिन व जटा धारण केलेल्या त्या पुरुषाला पाहून भुंकू लागले. त्याने त्याच्या मुखात ७ बाण असे सोडले की, ते जणू एकाच क्षणी सुटले. तशा मुखाने ते कुत्रे पांडवांकडे परतले. ते लाघव पाहून सर्व राजपुत्र लज्जित झाले. शोध घेतला असता त्या वनवासी धनुर्धराने पित्याचे नाव सांगितले आणि आपण द्रोणाचार्यांचे शिष्य आहोत, असेही सांगितले.

अर्जुनाने एकांतात गुरूंना त्यांच्या वचनाची आठवण दिली. आचार्य त्याला घेऊन वनात गेले. त्यांना पाहताच एकलव्य सामोरा आला, त्याने पूजा केली व शिष्य म्हणून हात जोडून उभा राहिला. जे शिकविलेच नव्हते, त्याची दक्षिणा आचार्यांनी मागितली, आणि ती होती उजव्या हाताचा अंगठा. प्रसन्न मुखाने, क्षणभरही विचार न करता, एकलव्याने तो कापून दिला.

बाण धरणे आणि प्रत्यंचा ओढणे यांत अंगठ्याचे काम केवढे असते, हे आचार्य जाणून होते. तथापि एकलव्याने धनुष्य टाकले नाही. तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला. पूर्वीची त्वरा मात्र राहिली नाही. अर्जुनाची चिंता मिटली.

शिष्याचे दान निर्मळ होते, म्हणून मागणेही निर्मळ ठरते काय? महाभारत हे झाकून ठेवीत नाही. द्रोणपर्वात, घटोत्कच पडल्यानंतर, स्वतः भगवान् श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की, द्रोणांनी त्याच्या हितासाठी आचार्यपणाचे निमित्त करून कपटाने निषादपुत्राचा अंगठा घेतला. अंगठा असता तर देवदानवांनाही तो रणात अजिंक्य ठरता. त्याला आपण रणांगणात मारले, हेही भगवान् तेथेच सांगतात. ज्याच्या जवळ कोणी गुरू बसला नव्हता, त्याच्या विद्येची ही थोरवी प्रत्यक्ष योगेश्वराच्या मुखातून प्रकट झाली आहे.

सभापर्वात शिशुपाल ज्या पूज्य राजांची नावे घेतो, त्यांत एकलव्य आहे. आश्वमेधिक पर्वात यज्ञीय अश्वामागून जाणारा अर्जुन निषादांच्या राज्यात पोहोचतो, तेव्हा एकलव्याचा पुत्र युद्धास उभा राहतो. तो पराभूत झाला हे खरे. परंतु ज्या अर्जुनासाठी पित्याचा अंगठा गेला, त्याच्याच समोर पुत्र शस्त्र घेऊन उभा राहिला. अंगठ्याबरोबर निषादांचे तेज गेले नव्हते.

आपल्या काळी भारत शासनाने १९८५ साली क्रीडाप्रशिक्षकांच्या सन्मानासाठी द्रोणाचार्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. आणि १९९७-९८ पासून आदिवासी मुलांच्या निवासी शाळा एकलव्याच्या नावाने उघडल्या. ज्याला दार बंद झाले, त्याच्या नावाने दारे उघडावीत, हे योग्यच झाले.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मनोनिग्रहाची दोन साधने सांगितली आहेत, अभ्यास आणि वैराग्य. एकलव्याच्या जीवनात ती दोन्ही दिसतात. वनात त्याने अभ्यास केला. त्या अभ्यासाचे सारे फळ एका क्षणी मागितले गेले, तेव्हा त्याने ते प्रसन्न मुखाने दिले, हे वैराग्य. आणि त्यानंतर उरलेल्या बोटांनी त्याने पुन्हा प्रत्यंचा ओढली. ज्या गृहस्थाला संसाराच्या रगाड्यात गुरूचा सहवास लाभत नाही, त्याने या तिसऱ्या गोष्टीचे चिंतन करावे. आणि ज्याच्यापाशी विद्या आहे, त्याने आपल्या दाराशी आलेल्या मुलाचे कुळ विचारण्यापूर्वी हस्तिनापुराहून रित्या हाताने परतलेल्या त्या कुमाराचे स्मरण करावे.