न बोलणारा हिरो

दिवाळीच्या सुट्टीत साखरखेर्ड्याला आजोबांबरोबर भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' (१९५२) पाहिला. मला ओळखू आले ते फक्त मिर्झाराजे जयसिंग झालेले पृथ्वीराज कपूर. आजोबांनी मात्र बोट दाखवलं मास्टर विठ्ठल यांच्याकडे.

विठ्ठल यांची सुरुवात कोल्हापूरला, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत झाली. तिथे एडिटिंगही केलं आणि बारीकसारीक भूमिकाही. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत ते तलवारबाजीच्या मूकपटांचे सुपरस्टार झाले. १९३१ मध्ये 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक होण्यासाठी त्यांनी शारदा सोडली. करारभंगाचा खटला झाला. त्यांचे वकील होते चक्क बॅरिस्टर जीना! खटला जिंकला.

पण खरी पंचाईत पुढेच होती. संवाद नीट जमेनात, म्हणून पहिल्या बोलपटाच्या हिरोच्या वाट्याला बोलणंच फार कमी आलं. त्याच चित्रपटात दुय्यम भूमिका करणारे पृथ्वीराज पुढे मोठे झाले. विठ्ठल मराठी चित्रपटांत छोटी कामं करत राहिले. १९६९ मध्ये ते गेले.

मी कॉन्व्हेंटची. गॅदरिंगला मराठी निवेदन करताना अडखळले, सगळा हॉल हसला. पुन्हा माइक धरायचा नाही, असं ठरवलं होतं. पण विठ्ठल जीभ अडली म्हणून घरी बसले नाहीत. एकवीस वर्षांनीही ते कॅमेऱ्यासमोर उभे होते.

यंदा निवेदनासाठी मी नाव दिलंय. हसलात तरी चालेल!