होकायंत्राचे घरकुल

तापमानाचे एकक म्हणून 'केल्व्हिन' हे नाव आपण शाळेत पाठ करतो. पण या शास्त्रज्ञाने दर्यावर्दींसाठी एक घरकुलही उभारले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, १८२४ मध्ये बेलफास्टला जन्मले आणि बाविसाव्या वर्षीच ग्लासगोत प्राध्यापक झाले. एका मासिकासाठी ते होकायंत्रावर लिहायला बसले. पहिला लेख १८७४ मध्ये आला. दुसऱ्याला मात्र पाच वर्षे लागली! लिहिता लिहिता त्यांना होकायंत्रातले दोषच दिसू लागले होते. जहाजे आता लोखंडी झाली होती. ते लोखंड चुंबकसुईला भलतीकडे ओढी आणि दिशा चुकली की जहाज खडकावर जाण्याचे भय.

१८७६ मध्ये त्यांनी नव्या होकायंत्राचे पेटंट घेतले. ते बसवण्याच्या खांबासारख्या पेटीत चुंबक ठेवले, दोन्ही बाजूंना लोखंडी गोळे लावले. त्यांनी जहाजाची ओढ सावरली जाई. या पेटीला म्हणतात 'बिनॅकल'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटेसे घर!

१८८९ मध्ये ब्रिटिश आरमाराने हे होकायंत्र स्वीकारले. १९०७ साली केल्व्हिन गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनजवळ विसावले. सुईला त्यांनी नीट घर दिले, म्हणून कितीतरी खलाशी आपापल्या घरी पोचले.