व्हेरा मेन्चिक

आपल्याकडे बुद्धिबळाच्या पटावर राजाशेजारी वजीर उभा असतो. विलायतेत त्याच मोहऱ्याला राणी म्हणतात. पटावरची राणी सर्वांत बलवान, परंतु पटासमोर बसावयास स्त्रियांना फारसे कोणी बोलावीत नसे. अशा काळी होऊन गेलेल्या व्हेरा मेन्चिक या बाईंची ही हकिकत आहे.

त्यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९०६ रोजी मॉस्को येथे झाला. वडील चेक, आई इंग्रज. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बुद्धिबळ शिकविले. पुढे रशियात क्रांती झाली, मालकीची गिरणी गेली आणि घरही फुटले. वडील आपल्या देशी परतले व १९२१ साली आई दोन मुलींना घेऊन इंग्लंडातील हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी आली. व्हेराला इंग्रजी धड येत नव्हते. बुद्धिबळात बोलावे लागत नाही, ही त्या परक्या मुलीची केवढी सोय! १९२३ मध्ये ती गावच्या बुद्धिबळ मंडळात जाऊ लागली आणि तेथे तिला हंगेरीचे नामांकित खेळाडू गेझा मारोत्सी गुरू म्हणून लाभले.

१९२७ साली लंडन येथे स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. अकरा डावांत साडेदहा गुण मिळवून व्हेराबाई विजेत्या झाल्या. १९३९ पर्यंत अशा सात स्पर्धा झाल्या व सातही त्यांनीच जिंकल्या. एकूण ८३ डाव. त्यांत ७८ जिंकले, चार बरोबरीत सुटले आणि हरल्या तो एकच.

खरी कसोटी पुरुषांच्या स्पर्धांत होती. १९२९ मध्ये कार्ल्सबाडच्या मोठ्या स्पर्धेत त्यांना घेतले, तेव्हा व्हिएन्नाच्या आल्बर्ट बेकर यांनी थट्टेने सुचविले की, जो या बाईंकडून हरेल त्याला व्हेरा मेन्चिक क्लबाचा सभासद करावे. पहिले सभासद झाले ते स्वतः बेकरच! पुढे या क्लबात मोठमोठी माणसे आली. १९३५ साली जगज्जेते झालेले हॉलंडचे डॉ. मॅक्स यूवे तर दोनदा आले. आपल्या पंजाबातून विलायतेस गेलेले व तेथे तीनदा ब्रिटिश विजेतेपद मिळविणारे मीर सुलतान खान हेही हेस्टिंग्ज येथे त्यांच्याकडून हरले.

तथापि एकच बाजू सांगणे बरे नव्हे. त्याच कार्ल्सबाडच्या स्पर्धेत व्हेराबाईंचा क्रमांक शेवटचा होता. १९३५ साली मॉस्को येथे, म्हणजे आपल्या जन्मगावी, १९ डावांत त्यांना अवघा दीड गुण मिळाला. एकही डाव जिंकता आला नाही. एवढी मानहानी झाली असता दुसऱ्या कोणी पुरुषांच्या स्पर्धांना रामराम ठोकला असता. व्हेराबाई खेळत राहिल्या. मला त्यांच्या सात विजेतेपदांपेक्षा हेच मोठे वाटते.

त्यांचे पोटही याच खेळावर चाले. त्या शिकवण्या करीत, एकाच वेळी अनेकांशी खेळून दाखवीत, बुद्धिबळाच्या एका त्रैमासिकात डावांचे संपादन पाहत. १९३७ साली ब्रिटिश बुद्धिबळ संघटनेतील कार्यकर्ते स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पती त्यांच्याहून बरेच वडील होते. सप्टेंबर १९३९ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका मोठ्या दुकानात राष्ट्रीय बुद्धिबळ केंद्र उघडले व त्याची व्यवस्था बाईंकडे आली. वर्षभरातच, १९४० मध्ये, बाँबवर्षावात ते केंद्र नष्ट झाले. तरी खेळ थांबला नाही. १९४२ साली जुने जाणते खेळाडू जाक मीझेस यांच्याशी दहा डावांचा सामना झाला, तो त्यांनी जिंकला.

१९४३ मध्ये पती वारले. पुढल्याच वर्षी, जून १९४४ च्या अखेरीस, जर्मनांचा एक उडता बाँब लंडनच्या क्लॅपहॅम भागातील त्यांच्या घरावर पडला. त्यात व्हेराबाई, त्यांची बहीण ओल्गा व आई अशा तिघी एकदमच गेल्या. बाईंचे वय ३८ होते आणि जागतिक विजेतेपद अद्याप त्यांच्याचकडे होते. १९५० पर्यंत ती जागा रिकामीच राहिली.

१९५७ साली स्त्रियांचे बुद्धिबळ ऑलिंपियाड सुरू झाले. त्यातील विजेत्या संघाला देण्यात येणाऱ्या करंडकास व्हेरा मेन्चिक यांचे नाव आहे. २०२४ साली बुडापेस्ट येथे तो करंडक प्रथमच भारताच्या मुलींनी जिंकला. त्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती.